आठशे एक्स झूम आणि तक्त्यात नसलेला रकाना

सातारा-सांगलीकडचा माणूस इतिहासावर लिहायला बसला की वाचणारा अजिंक्यतारा, छत्रपती शाहू, फार तर प्रतिसरकार एवढ्याची तयारी ठेवून बसतो. मंडळी, आज त्यातलं काहीच नाही. आजचा इतिहास जेमतेम वीस वर्षांपूर्वीचा आहे आणि विषय आहे हँडीकॅम.

हँडीकॅम हे खरं तर सोनीचं नाव. पण वनस्पती तुपाला जसं सरसकट डालडा म्हणायचे, तसं आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या कॅमकॉर्डरला हँडीकॅमच म्हणत. ढोबळमानाने १९९९ ते २०१० ही त्याची सद्दी. त्याआधी घरात लग्नमुंज असली की खांद्यावर भलामोठा कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला यायचा, सोबत हॅलोजन धरून उभा असलेला पोऱ्या. त्यानंतर मोबाइल आला आणि प्रत्येकाच्या खिशात शूटिंगवाला बसला. मधली ही दहा-बारा वर्षं मात्र अशी होती की मध्यमवर्गीय माणूस स्वतःच्या पैशाने व्हिडिओ कॅमेरा विकत घेत होता, आणि तो घेण्याआधी अक्षरशः अभ्यास करत होता.

त्या अभ्यासाबद्दलच मला लिहायचंय. तज्ज्ञांची मतं गोळा करून, तुलना करून एखादी वस्तू आपण निवडतो तेव्हा नेमकं काय तपासतो? आणि काय तपासायचं राहून जातं?

माझ्यापुढे एक पुरावा आहे. माझा मामा साताऱ्याचा, हिशेबाच्या नोकरीत आयुष्य गेलेला. २००६ मध्ये मामेबहिणीचं लग्न ठरलं आणि मामाने कॅमेरा घ्यायचं मनावर घेतलं. बजेट पंचवीस हजारांच्या आसपास. त्याने एक फाइल केली. त्यात सायबर कॅफेतून प्रिंट काढून आणलेले अमेरिकन आणि ब्रिटिश रिव्ह्यू, आपल्याकडच्या कॉम्प्युटर मासिकांतली कात्रणं, दुकानातून आणलेली रंगीत माहितीपत्रकं आणि शेवटी लेजरच्या कागदावर पट्टीने आखलेला तक्ता. अकरा मॉडेल उभी, सात रकाने आडवे: किंमत, झूम, सेन्सर, लक्स, बॅटरी, वजन आणि 'कशावर रेकॉर्ड होतं'. ही फाइल सध्या माझ्याकडे आहे. रोज दोन डेटाबेसचे बेंचमार्क शेजारी ठेवून भांडणाऱ्या माणसाला असा तक्ता दिसला की राहवत नाही. असो.

अमेरिकेतला कॅमेरा, साताऱ्यातली ट्यूबलाइट

तक्ता वाचताना पहिली अडचण लक्षात येते ती नावांची. रिव्ह्यू अमेरिकेतले आणि दुकान साताऱ्यातलं. पॅनासॉनिकचा जो कॅमेरा अमेरिकेत पीव्ही-जीएस नावाने विकला जायचा, तो आपल्याकडे एनव्ही-जीएस. कॅननचे तिकडचे एल्युरा आणि ऑप्ट्युरा, तर इकडे एमव्हीएक्स. सोनीचा नंबर तोच, पण शेवटी एक 'ई' जोडलेला. मामाने तक्त्यात प्रत्येक मॉडेलखाली पेन्सिलीने दोन्ही नावं लिहिली आहेत. नाहीतर रिव्ह्यू एका कॅमेऱ्याचा वाचायचा आणि दुकानात मागायचा दुसराच, अशी गत.

ही नुसती नावाची गंमत नव्हती. अमेरिकेत टीव्हीची पद्धत एनटीएससी, आपल्याकडे पाल. एनटीएससीत चित्राच्या ४८० ओळी आणि सेकंदाला जवळपास ३० चित्रं, पालमध्ये ५७६ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत असलेल्या मेव्हण्याने "मी येताना घेऊन येतो, इथे स्वस्त पडतो" असं सांगितलेलं होतं. तेव्हा सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत कॅमेरा असाच यायचा. आपल्याकडचे बरेचसे नवे टीव्ही एनटीएससी चित्र दाखवायचेही, त्यामुळे वरवर पाहता अडचण नव्हती.

अडचण होती ट्यूबलाइटची. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुन्या चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. पाल कॅमेरा सेकंदाला ५० अर्धचित्रं घेतो, त्यामुळे प्रत्येक अर्धचित्राच्या वाट्याला उजेडाचे बरोबर दोन हेलकावे येतात आणि चित्र स्थिर दिसतं. एनटीएससी कॅमेरा घेतो साठच्या हिशेबाने. मग एका अर्धचित्रात उजेड थोडा जास्त, पुढच्यात थोडा कमी आणि सगळं कार्यालय थरथरताना दिसतं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिथल्या तज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत हा दोष दिसायचं कारणच नव्हतं. त्याने कॅमेऱ्याला दिलेले मार्क खरे होते, पण ते त्याच्या विजेवरचे होते.

ब्रिटिश रिव्ह्यूंची तक्रार वेगळीच. युरोपात विकल्या जाणाऱ्या अनेक मॉडेलांत 'डीव्ही-इन' बंद केलेलं असे, म्हणजे एडिट केलेली फिल्म कॉम्प्युटरवरून परत कॅसेटवर घेता यायची नाही. कारण तांत्रिक नव्हतं, जकातीचं होतं. बाहेरून सिग्नल घेऊन रेकॉर्ड करणारं यंत्र तिथल्या कस्टम्सच्या लेखी 'व्हिडिओ रेकॉर्डर' ठरायचं आणि त्यावर जकात जास्त. ब्रिटिश तज्ज्ञ त्यावर पानंच्या पानं चिडून लिहायचे आणि अमेरिकन तज्ज्ञाला हा विषयच माहीत नसायचा. थोडक्यात काय, रिव्ह्यू कोणी लिहिला याइतकंच तो कुठे बसून लिहिला हेही बघावं लागायचं.

आधीच्या तीन पद्धती

यंत्र निवडायची ही डोकेदुखी काही २००० नंतरची नाही. आपल्याच भागात आणि आपल्याच माणसांनी ती तीन वेगवेगळ्या पद्धतींनी सोडवलेली दिसते.

पहिली पद्धत म्हणजे तज्ज्ञाला विचारणं. १९१२ च्या फेब्रुवारीत दादासाहेब फाळके विमा पॉलिसी तारण ठेवून मिळालेल्या पैशांवर लंडनला गेले. 'बायोस्कोप' नावाचं सिनेमाच्या धंद्यातलं साप्ताहिक ते मुंबईत वाचत असत. लंडनमध्ये त्याची पाटी दिसली आणि हा अनोळखी माणूस सरळ आत जाऊन संपादकांना भेटला. संपादकांनी आधी परावृत्तच केलं. इंग्लंडमधले निर्मातेच अडचणीत आहेत, शिवाय हिंदुस्थानची हवा फिल्मला मानवणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पण माणूस ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनीच सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. फाळक्यांनी हेपवर्थचा वॉल्टनचा स्टुडिओ पाहिला, पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा मागवला, सोबत फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि कोडॅकची कोरी फिल्म. दोन आठवड्यांत काम उरकून १ एप्रिल १९१२ ला ते परत आले. कॅमेरा आल्यावर त्यांनी एकदम 'राजा हरिश्चंद्र'ला हात घातला नाही. आधी रोप वाढतानाची छोटी फिल्म करून पाहिली, 'अंकुराची वाढ'. आपल्या भाषेत टेस्ट फुटेज.

मला यात आवडतं ते असं की त्याच संपादकाची दोन मतं फाळक्यांनी वेगवेगळी तोलली. कॅमेऱ्याबद्दलचं मार्गदर्शन घेतलं, कारण ते त्याच्या रोजच्या व्यवहारातलं होतं. हिंदुस्थानच्या हवेबद्दलचं मत सोडून दिलं, कारण तो अंदाज होता. एकाच तज्ज्ञाच्या एकाच तोंडून आलेली दोन वाक्यं, पण वजन सारखं नाही.

दुसरी पद्धत म्हणजे उघडून बघणं. सांगलीपासून पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापुरात बाबुराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव यांना सिनेमा करायचा होता, पण लंडनची वारी परवडणारी नव्हती. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबुरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरलं आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा चक्क घरीच तयार केला. तानीबाई कागलकरांनी दिलेल्या पैशांवर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. ज्याने कॅमेऱ्याचा प्रत्येक दाता स्वतः घासलाय त्याला रिव्ह्यूची गरज काय? हेच दामले पुढे प्रभातच्या संस्थापकांपैकी एक झाले.

तिसरी पद्धत शेतकऱ्याची: शेजाऱ्याच्या रानात काय होतं ते बघणं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती आणि पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं गेली. पुढे १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर, तेव्हाच्या औंध संस्थानात आणि आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसली आणि तिथून नांगर गावोगाव गेले. आपण त्या शेतकऱ्यांना सहज हसतो. पण ज्याचं सगळं वर्षाचं पीक एका वस्तूवर अवलंबून आहे, त्याने शेजाऱ्याच्या शेतात पीक आलेलं दिसेपर्यंत थांबणं यात अडाणीपणा काही नाही. तो त्याचा 'लाँग टर्म रिव्ह्यू'च होता.

मामाच्या फाइलमध्ये या तिन्ही पद्धती आहेत. छापील रिव्ह्यू आहेत, माहितीपुस्तिकेतून उतरवलेले स्पेसिफिकेशन आहेत आणि कोपऱ्यात साताऱ्यातल्या एका स्टुडिओवाल्याशी झालेल्या बोलण्याची टिपणंही आहेत.

कोण काय मोजत होतं

आता त्या रकान्यांकडे येऊ.

दुकानदार मोजायचा झूम. कॅमेऱ्याच्या अंगावरच मोठ्या अक्षरात '८००एक्स' छापलेलं असायचं. त्यात भिंगाचा, म्हणजे ऑप्टिकल झूम वीसपटीच्या आसपास. उरलेलं सगळं डिजिटल, म्हणजे आहे त्याच चित्राचे ठिपके फुगवणं. अजिंक्यताऱ्यावरून ८००एक्सने साताऱ्यातलं आपलं घर शोधायला गेलं तर पडद्यावर फरशीचे तुकडे दिसायचे. याबाबतीत मात्र झाडून सगळ्या तज्ज्ञांचं एकमत होतं: डिजिटल झूम बंद करून ठेवा.

अमेरिकन तज्ज्ञ मोजायचे अंधार. कॅमकॉर्डरइन्फो नावाची तिकडची एक साइट रंगांचा तोच तक्ता आधी ६० लक्सला आणि मग १५ लक्सला शूट करून चित्रं शेजारी-शेजारी ठेवायची. लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड. भर उन्हात लाखभर लक्स, ऑफिसात तीनशे ते पाचशे, घरच्या दिवाणखान्यात शंभरच्या आगेमागे. कंपन्या माहितीपत्रकात '१ लक्स', '० लक्स' असलं काहीही छापायच्या. शून्य लक्स म्हणजे इन्फ्रारेडवर चालणारं हिरवट भुताटकी चित्र! साइटवाल्यांनी मात्र सगळे कॅमेरे एकाच उजेडात, एकाच तक्त्यापुढे उभे केले. रात्रीच्या वरातीत १५ लक्सचा आकडा खरोखर उपयोगाचा. मामाने लक्सच्या रकान्यात कंपनीचा आकडा खोडून या चाचणीचा शेरा लिहिलाय, आणि मला वाटतं संपूर्ण तक्त्यातली सर्वांत हुशारीची गोष्ट तीच.

तज्ज्ञांचं जमायचं नाही ते थ्री-सीसीडीवर. लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे सेन्सर असले की रंग सुरेख येतात. म्हणून काही जण पॅनासॉनिकच्या जीएस मालिकेवर फिदा. पण स्वस्त मॉडेलांत हे तिन्ही सेन्सर इंचाच्या एक षष्ठांश आकाराचे, इवलेसे. अंधारात त्यांची दमछाक. म्हणून दुसरे काही जण त्याच कॅमेऱ्याला खालचा नंबर द्यायचे. दोघांपैकी खोटं कोणीच बोलत नव्हतं. पहिला उन्हातला कॅमेरा तपासत होता, दुसरा रात्रीचा. आपलं कार्य सकाळी साडेदहाच्या मुहूर्ताचं की संध्याकाळच्या गोरज मुहूर्ताचं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं :)

आणखी एक तक्रार जवळजवळ प्रत्येक रिव्ह्यूत आहे. सोनीच्या स्वस्त मॉडेलांत कॅसेट खालून घालावी लागायची, म्हणजे कॅसेट बदलायची तर कॅमेरा ट्रायपॉडवरून काढा. मुलाच्या वाढदिवसाला याने काही बिघडत नाही. पण लग्नात ट्रायपॉड लावून बसलाय आणि ऐन मंगलाष्टकांत कॅसेट संपली, तर? हार्ड डिस्कवाल्या कॅमेऱ्यांबद्दल दुसरा इशारा असायचा: ३,००० मीटरच्या वर वापरू नका, तिथे हवा विरळ. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३७० मीटर. म्हणजे तो इशारा लेहला जाणाऱ्यासाठी, आपल्यासाठी नव्हे.

उलट आपला सर्वांत मोठा प्रश्न कुठल्याच परदेशी रिव्ह्यूत नव्हता. त्या काळी महाराष्ट्रात लोडशेडिंग जोरात होतं. अनेक स्वस्त मॉडेलांत बॅटरी कॅमेऱ्यातच ठेवून चार्ज करावी लागायची. म्हणजे वीज असेल त्या वेळात चार्जिंग करायचं आणि त्याच वेळात शूटिंगही. तज्ज्ञ सांगायचा बॅटरी किती मिनिटं चालते. आपल्याला हवं होतं ते ती चार्ज कुठे आणि कधी करायची याचं उत्तर. हे मामाला सांगितलं त्या स्टुडिओवाल्याने: "बॅटरी दोन घ्या आणि वेगळा चार्जर घ्या, झूम कमी असला तरी चालंल."

'कशावर रेकॉर्ड होतं'

खरी लढाई शेवटच्या रकान्यात होती.

१९९५ मध्ये डीव्ही नावाची डिजिटल पद्धत आणि सोनीचा व्हीएक्स१००० कॅमेरा बाजारात आला. त्याची छोटी कॅसेट म्हणजे मिनीडीव्ही. रुंदी पाव इंच, वेळ एक तास, आणि त्या तासाचा डेटा सुमारे १३ जीबी. घरातल्या कॉम्प्युटरची अख्खी हार्ड डिस्क ८० जीबीची असण्याचे ते दिवस. मग डीव्हीडीवाले कॅमेरे आले. आठ सेंटीमीटरची डिस्क, १.४ जीबी, नेहमीच्या क्वालिटीत अर्धा तास. २००४ पासून जेव्हीसीचे हार्ड डिस्कवाले एव्हरिओ, आणि २००६ मध्ये सोनी-पॅनासॉनिकने मिळून एव्हीसीएचडी जाहीर केलं.

इथे रिव्ह्यू सरळ दोन गटांत फुटलेले दिसतात. एक गट म्हणतो, डीव्हीडी घ्या: शूट करा, डिस्क काढा, टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घाला, झालं. दुसरा गट म्हणतो, मिनीडीव्ही घ्या: चित्र कमी दाबलेलं, एडिटिंग सोपं. पण त्यासाठी फायरवायर लागतं. कॅमेऱ्याला यूएसबी असायचं, पण बहुतेक वेळा ते फक्त मेमरी कार्डावरचे फोटो घ्यायला. चित्र जसंच्या तसं उतरवायचं तर फायरवायरच, आणि ते आपल्याकडच्या बहुतेक डेस्कटॉपला नसायचं.

मामाने शेवटी मिनीडीव्ही घेतला. कारण तक्त्यात त्याची बेरीज जास्त आली म्हणून नव्हे (मी ती बेरीज पुन्हा करून पाहिली, डीव्हीडीवालं एक मॉडेल दीड गुणाने पुढे होतं). घेतला, कारण स्टुडिओवाल्याकडे मिनीडीव्ही वाजवायचं यंत्र होतं. शेजाऱ्याच्या रानात पीक दिसलं, एवढंच.

नसलेला रकाना

आज, इतक्या वर्षांनी, त्या निवडीचा निकाल काय लागला?

डीव्हीडीवाल्यांची अवस्था बघू. त्या छोट्या डिस्कवर शूटिंग संपल्यावर 'फायनलाइज' नावाचं एक काम करावं लागायचं. ते केलं नाही तर डिस्क सहसा फक्त त्याच कॅमेऱ्यात चालते. हे माहितीपुस्तिकेत होतं, आणि माहितीपुस्तिका कोण वाचतं? सांगलीत आमच्या ओळखीच्या एका घरी अशा चाळीसेक डिस्क आहेत. कॅमेरा कधीच बंद पडलाय. डिस्कवर डेटा आहे, पण कुठलाही प्लेअर 'नो डिस्क' म्हणतो. (एक सांगतो: हे सगळं गेलेलं नसतं. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये घालून रिकव्हरी सॉफ्टवेअरने बऱ्याचदा बरंच निघतं.)

हार्ड डिस्कवाल्यांच्या फाइली '.एमओडी' अशा विचित्र नावाने असायच्या, म्हणून अनेकांनी त्या 'उघडत नाहीत' म्हणून उडवल्या. आत साधा एमपेग-२ होता. नुसतं नाव बदलून '.एमपीजी' केलं की बहुतेक प्लेअर चालवतात.

आणि मिनीडीव्ही? आता नव्या लॅपटॉपला फायरवायर मिळत नाही आणि कॅसेट वाजवणारे चालू कॅमेरे दुर्मिळ होत चाललेत. मामाकडे एकूण चौदा कॅसेट निघाल्या. गेल्या वर्षी एक जुना डेस्कटॉप, त्यात फायरवायर कार्ड आणि उसना कॅमेरा असा जुगाड करून त्या उतरवल्या. नऊ स्वच्छ आल्या. तिघींत मधेमधे चित्राचे चौकोन सांडतात. दोघींवर साताऱ्याच्या पावसाळी हवेची पांढरी बुरशी होती, त्या मशीनमध्ये घातल्याच नाहीत, वेगळ्या ठेवल्यात. नऊपैकी एकीवर आजी आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी हळद दळताना ती गातेय आणि मधेच थांबून मामाला म्हणते, "ते बंद कर की रे, माझा आवाज कुठं चांगलाय." आजी २०११ मध्ये गेली. तिचा आवाज असलेली ही एकच वस्तू आमच्याकडे आहे.

मामाच्या तक्त्यात सात रकाने होते. आठवा हवा होता: हे वीस वर्षांनी कशावर बघणार? एखाददुसऱ्या रिव्ह्यूने कॅसेट टिकाऊ असते म्हटलंय, पण त्याला मार्क कोणी दिले नाहीत. देणार कसे? तज्ज्ञाकडे कॅमेरा आठ-दहा दिवस असतो. त्यात तो लक्स मोजू शकतो, वीस वर्षं मोजू शकत नाही.

हा रकाना फाळके-पेंटरांच्या वेळीही नव्हता. 'सैरंध्री' आज उपलब्ध नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, पटकन पेटणारी. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जे काही उरलंसुरलं होतं त्यातलंही बरंच गेलं. चित्र उत्तम येतं की नाही हे पारखणारी माणसं त्या काळीही होती. ते टिकेल कसं, हा विचार उशिरा आला.

आणि आपल्याकडे आगीपेक्षा पाणी जास्त. २००५ चा पूर सांगलीने पाहिला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. माणसं हलवली, गुरं काढली, कागदपत्रं डोक्यावर घेतली. तळमजल्यावरच्या शोकेसमध्ये ठेवलेल्या लग्नाच्या कॅसेट आणि सीड्या कोण उचलणार? गाळात गेलेल्या सामानाची यादी सरकारदरबारी झाली तेव्हा टीव्ही लिहिला गेला, फ्रिज लिहिला गेला. कॅसेटला किंमत काय लावणार?

कॅमकॉर्डरचा काळ संपला तोही एका अर्थाने रिव्ह्यूवाल्यांना चकवून. २००६ पासून अमेरिकेत फ्लिप नावाचा खेळण्यासारखा कॅमेरा तुफान खपला. २००९ मध्ये सिस्कोने ती कंपनी ५९ कोटी डॉलरना घेतली आणि एप्रिल २०११ मध्ये फ्लिप बंदही करून टाकला. तोवर फोनमध्येच व्हिडिओ आला होता. लक्स, सेन्सर, झूम या सगळ्या रकान्यांत फोन तेव्हा नापास होता. पण तो हातात होता.

आता आपण फोनचे रिव्ह्यू तसेच शेजारी-शेजारी ठेवून वाचतो. मेगापिक्सेल, नाइट मोड, आणि हो, पुन्हा एकदा शंभरपट झूम! वाचावेतच. मामाच्या फाइलमधून मी घेतलेले नियम तीन. तज्ज्ञाने स्वतः जे मोजलंय तेवढंच घ्यावं, अंदाज सोडून द्यावा. दोन तज्ज्ञ भांडत असतील तर ते कोणत्या कामासाठी भांडतायत ते बघावं आणि आपलं काम त्यात कुठे बसतं ते ठरवावं. आणि आठवा रकाना आपला आपण आखावा, कारण तो दुसरं कोणी आखणार नाही.

हे शेवटचं थोडं घाईचंही आहे. कपाटात मिनीडीव्ही असतील तर चालू कॅमेरा शोधायला आत्ताच लागा, दर वर्षी ते कमी होतायत. छोट्या डिस्क असतील आणि त्यांचा कॅमेरा अजून सुरू होत असेल, तर आधी फायनलाइज करा. बुरशी दिसली तर हौसेने मशीनमध्ये घालू नका, दुसऱ्या कॅसेटही खराब होतील. उतरवून झालं की दोन प्रती करा, आणि एक प्रत वेगळ्या गावात ठेवा. सांगलीकर असाल तर साताऱ्यातल्या नातेवाइकाकडे ठेवा. तिथे कृष्णेचं पाणी पोचत नाही.